समुद्रतळावरचा उल्काघात ओळखायचा कसा? खान्देशात बसून करता येणारा अभ्यास

समुद्रतळाच्या नकाशावर गोल खळगा दिसला की तो उल्केनेच पडला असेल, असं मानायची घाई होते. समाजमाध्यमांवर अशा 'शोधांचा' सुकाळ आहे. पण समुद्राखाली गोल आकार देणाऱ्या गोष्टी भरपूर आहेत आणि उल्काघात त्यांतला सर्वांत दुर्मीळ. निकाल लागतो तो गाळातल्या दाण्यांवर. म्हणून इथला क्रम असा आहे: आधी आकार तपासा, मग थर, मग दाणा आणि शेवटी मूलद्रव्य. धुळे, जळगाव, नंदुरबारमधले भूगोल-भूशास्त्राचे विद्यार्थी, शिक्षक आणि विज्ञान मंडळं यांना डोळ्यापुढे ठेवून हे लिहिलं आहे.

समुद्रापासून इतक्या लांब हा अभ्यास कशाला, याचं उत्तर तापीत आहे. सातपुडा आणि खान्देशातला काळा बेसाल्ट झिजतो, त्याची रेती गिरणा, पांझरा, वाघूर, बुराई तापीत आणतात आणि तापी ती सुरतेपुढे अरबी समुद्रात नेऊन टाकते. तिथल्या गाळात अंतराळातला दाणा शोधायचा तर आधी घरचे दाणे ओळखून वेगळे काढावे लागतात, आणि हे घरचे दाणे खान्देशाएवढे सहज दुसरीकडे मिळत नाहीत.

समुद्रात पुरावा टिकत का नाही

पृथ्वीचा सुमारे ७१ टक्के पृष्ठभाग पाण्याखाली आहे, म्हणजे बहुतेक उल्का समुद्रात पडल्या असणार. तरीही जगभरात पक्क्या ठरलेल्या सुमारे दोनशे विवरांपैकी आज समुद्राखाली असलेली फार थोडी आहेत. याचं एक कारण असं की महासागराचा तळ फार जुना नसतो. जवळपास सगळा २० कोटी वर्षांच्या आतला आहे, त्याहून जुना तळ पृथ्वीच्या पोटात परत गेला. पाणी बराचसा आघात गिळतं, आणि उरलेल्या खड्ड्यावर गाळ बसत राहतो.

आज माहीत असलेली समुद्री विवरं जवळजवळ सगळी किनाऱ्यालगतच्या उथळ भागात आहेत. मेक्सिकोचं चिक्शुलूब अर्धं जमिनीवर, अर्धं समुद्रात आहे. कॅनडाजवळचं माँटॅन्ये, बॅरेंट्स समुद्रातलं म्योल्निर, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं चेसापीक, हीदेखील उथळ पाण्यातलीच. खोल महासागरातल्या आघाताचं ठळक उदाहरण एकच आहे, ते म्हणजे आग्नेय पॅसिफिकमधलं एल्टानिन. 'एल्टानिन' नावाच्या जहाजाने १९६०च्या दशकात आणलेल्या गाळात फ्रँक काइट आणि सहकाऱ्यांना १९८१ मध्ये इरिडियमचं (उल्कांत पुष्कळ, पण पृथ्वीच्या कवचात फार थोडं असणाऱ्या धातूचं) असाधारण प्रमाण आढळलं आणि पुढे उल्केचे तुकडेही मिळाले. आघात सुमारे २५ लाख वर्षांपूर्वीचा, तिथलं पाणी चार-पाच किलोमीटर खोल. विवर मात्र सापडलेलं नाही. उल्काघात सिद्ध झाला तो निव्वळ गाळातल्या कणांवरून. नकाशापेक्षा दाणा मोठा मानायचा, तो यासाठी.

पायरी १: घमेल्यातला प्रयोग

पाण्याने काय फरक पडतो हे अर्ध्या तासात बघता येतं. एका घमेल्यात ८ सेंटीमीटर बारीक कोरडी वाळू दाबून सपाट करा, वर रांगोळीचा पातळ थर चाळणीने भुरभुरवा आणि दोन मीटरवरून १६ मिलिमीटरची काचेची गोटी सोडा. उठलेली कडा आणि बाहेर फेकलेली खालची वाळू पांढऱ्यावर स्पष्ट दिसते. आता पारदर्शक टबात तितकीच वाळू घेऊन वर आधी २, मग १०, मग २० सेंटीमीटर पाणी ठेवा आणि तीच गोटी त्याच उंचीवरून सोडा. इथे रांगोळी नको, ती पाण्यात कालवते आणि काही दिसत नाही. रंगवून वाळवलेली वाळू वापरा. दोन सेंटीमीटर पाण्यात खड्डा होतो, पण परत येणारं पाणी कडा धुऊन नेतं. वीस सेंटीमीटरला गोटीचा वेग इतका मरतो की वाळूत जेमतेम खळगा पडतो.

या प्रयोगातून खड्ड्याच्या मापाचा अंदाज काढू नका. गोटी सेकंदाला सहा-सव्वासहा मीटरने येते, उल्का सेकंदाला १५-२० किलोमीटरने आणि आघातात तिची बव्हंशी वाफ होते. इथे शिकायचं एवढंच की समुद्री विवराला उंच कडा असेलच असं नाही. उलट परतणाऱ्या पाण्याने कापलेल्या घळया आणि बाहेरचा पसरट, खचलेला पट्टा हीच त्याची खूण असू शकते.

पायरी २: नकाशा तपासणं

समुद्रतळाच्या खोलीची जागतिक जाळी 'गेब्को' विनामूल्य देते. अक्षांश-रेखांशांची चौकट देऊन हवा तेवढा तुकडा जिओटिफ स्वरूपात उतरवा आणि क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत संगणकप्रणालीत उघडा. जाळीची एक चौकट अक्षांश-रेखांशांच्या १५ सेकंदांची, म्हणजे विषुववृत्ताजवळ सुमारे ४६० मीटरची असते. याचा अर्थ नीट कळण्यासाठी आधी लोणार बघा (१९.९८ उत्तर, ७६.५१ पूर्व). सुमारे १.८३ किलोमीटर व्यासाचं, सुमारे १५० मीटर खोल विवर, पण या जाळीत जेमतेम चार चौकटी. खोल समुद्रात लोणारएवढं विवर असलं तरी या नकाशावर ते ओळखू येणार नाही.

खोलीच्या जाळीसोबत 'टीआयडी' नावाची दुसरी जाळी उतरवायला विसरू नका. प्रत्येक चौकटीतली खोली कुठून आली हे ती सांगते. ११ म्हणजे जहाजावरच्या मल्टिबीमने (ध्वनिलहरींनी रुंद पट्टा मोजणाऱ्या यंत्राने) प्रत्यक्ष मोजलेली, ४० म्हणजे उपग्रहाच्या गुरुत्वाकर्षण-मोजणीवरून अंदाजलेली. समुद्रतळाचा साधारण चौथा हिस्साच आधुनिक पद्धतीने मोजला गेला आहे. तुमचा गोल खळगा ४०च्या भागात येत असेल तर काम तिथेच थांबवा. तो मोजलेला खळगा नव्हे, आकडेमोडीतून निघालेला आहे. मोजलेल्या पट्ट्याला अंदाजलेला भाग जिथे जोडला जातो तिथे सरळ रेषा, पायऱ्या आणि अर्धगोल हमखास दिसतात. हौशी 'शोधांतले' कितीतरी अशा सांध्यांवरच असतात.

पुढची चूक प्रक्षेपणाची. अक्षांश-रेखांशांत उघडलेल्या नकाशात गोल वस्तू ध्रुवांकडे पूर्व-पश्चिम ताणलेली दिसते. ५४ अंशांवरचं उत्तर समुद्रातलं सिल्व्हरपिट विवर तसंच पाहिलं तर लंबगोल वाटेल. म्हणून व्यास मोजण्याआधी यूटीएममध्ये (पट्ट्यापट्ट्यांनी मीटरांत मोजणाऱ्या नकाशापद्धतीत) रूपांतर करा: ६६ ते ७२ पूर्व रेखांशांच्या अरबी समुद्रासाठी पट्टा ४२ उत्तर, खान्देश आणि लोणारसाठी ४३ उत्तर. मग खळग्याच्या मध्यातून किमान चार दिशांना छेद काढा. उभं माप किती पट वाढवलं आहे हे आलेखावर लिहा. वीस पट ताणला तर कुठलाही उथळ खळगा विवरासारखा दिसतो. मोठ्या विवरात मध्यभागी उंचवटा असायला हवा. पृथ्वीवर गाळाच्या खडकांत साधारण २ आणि कठीण स्फटिकी खडकांत साधारण ४ किलोमीटर व्यासाच्या पुढे तो येतो. दहा किलोमीटरचा खळगा मध्यात सपाट असेल तर गाळाने भरला असेल किंवा विवर नसेल. नुसत्या खोलीवरून दोन्हींतलं नक्की काय ते सांगता येत नाही, त्यासाठी तळाखालचे थर दाखवणारा भूकंपलहरींचा छेद लागतो.

सरावाला हिंदी महासागरातलं बर्कल घ्या (३०.९ दक्षिण, ६१.४ पूर्व). सुमारे २९ किलोमीटरच्या या खळग्याला काहींनी अलीकडच्या काळातलं उल्काविवर म्हटलं आणि मादागास्करच्या किनाऱ्यावरचे टेकाडांसारखे वाळूचे ढीग त्याच्या लाटेने आणले असा दावा केला. ढीग वाऱ्याने झाले असावेत असा आक्षेप आहे आणि दावा मान्य झालेला नाही. आपल्याकडचं प्रसिद्ध नाव म्हणजे मुंबईसमोरचं 'शिव' विवर. जीवाश्मतज्ज्ञ शंकर चॅटर्जी यांनी ते मांडलं, पण बहुसंख्य भूवैज्ञानिकांनी स्वीकारलेलं नाही, कारण आघात सिद्ध करणारे दाणे त्या रचनेतून समोर आलेले नाहीत. वर्तमानपत्रात 'मुंबईजवळच्या उल्केने डायनासोर गेले' असं वाचलं तर एवढं लक्षात असू द्या.

गोल दिसणाऱ्या बाकीच्या गोष्टी अशा: ज्वालामुखीची तोंडं, खालून मीठ सरकल्याने खचलेले भाग, वायू निसटून पडलेले खळगे, चिखलाचे ज्वालामुखी. अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यातले रमण आणि पणिक्कर हे समुद्राखालचे पर्वत व वाडिया गायो (सपाट माथ्याचा समुद्राखालचा पर्वत) एकदा नकाशावर बघून ठेवा, म्हणजे ज्वालामुखीच्या उंचवट्याचा छेद कसा असतो हे डोळ्यांत बसेल.

पायरी ३: फसव्या दाण्यांची पेटी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. खरी उल्काघाती गोलिका, म्हणजे आघातात वितळून गोठलेला गोल थेंब, हातात येण्याआधी तिच्यासारखी दिसणारी प्रत्येक गोष्ट तुमच्या पेटीत असली पाहिजे. लागेल ते असं: निओडिमियम चुंबक, जाड प्लास्टिकची पिशवी, ६३, १२५ आणि ५०० मायक्रॉनच्या चाळण्या, २० ते ४० पटींचा स्टिरिओ मायक्रोस्कोप, 000 नंबरचा ब्रश. चुंबक कायम पिशवीत ठेवा; पिशवी उलटी केली की कण सुटतात. उघड्या चुंबकाला चिकटलेली बारीक रेती नंतर निघत नाही आणि पुढच्या नमुन्यात जाते.

पहिला नमुना नदीचा. पूर ओसरल्यावर तापी किंवा गिरणेच्या वाळूत काळे, जड पट्टे राहतात. तिथली दोन मुठी वाळू पुरे. धुऊन वाळवा आणि चुंबकाने काढा. मिळतो तो बहुतेक बेसाल्टमधला टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाईट (चुंबकाला लागणारं लोहखनिज): काळा, चकचकीत, टोकदार किंवा अष्टफलकी, क्वचित झिजून गोलसर. गोल दिसला तरी त्याची पृष्ठभागाची झिज खडबडीत असते, वितळून गोठलेल्या थेंबाची नसते.

दुसरा नमुना राखेचा. भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक वीजकेंद्र आहे आणि फ्लाय ॲशच्या विटा करणारे कारखाने या भागात आहेत. त्यांच्याकडून चमचाभर राख पुरते. हाताळताना मास्क लावा, ही धूळ फुप्फुसाला वाईट. मायक्रोस्कोपखाली ही राख नवख्याला वेड लावते: अगदी गुळगुळीत पारदर्शक, दुधाळ, काळे गोल, काहींच्या पोटात आणखी लहान गोल. त्यांतले काही पोकळ असतात. कण पाण्यात टाकून दहा मिनिटं थांबा, जे तरंगतं ते पोकळ. कोळशातल्या माती-खनिजांचे हे थेंब आहेत; त्यांत सिलिकॉनबरोबर ॲल्युमिनियम भरपूर असतं. वाऱ्याने ते किती लांब जातात याचा अंदाज घ्यायचा तर वीजकेंद्रापासून वेगवेगळ्या अंतरांवरच्या गच्च्यांवरची धूळ तपासा.

तिसरा फॅब्रिकेशनच्या दुकानातला. वेल्डिंग आणि ग्राइंडर बंद झाल्यावर फरशीवरून पिशवीतला चुंबक फिरवा. काळे, चमकदार, एका बाजूला शेपूट असलेले गोल मिळतील, कित्येक आतून पोकळ. लोखंडासोबत मँगनीज, कधी क्रोमियम. फुलबाजीची राखही अशीच: लोखंडाचे सुंदर काळे गोळे. म्हणून दिवाळीनंतर महिनाभर गच्चीवरची धूळ या कामासाठी घेऊच नका. रेल्वे यार्डाजवळ रूळ आणि ब्रेक यांची लोखंडी पूड मिसळते, भुसावळकरांनी ते धरून चालावं.

चौथा नमुना बहुतेकांना सुचत नाही, तो रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांचा. रात्री पट्टा चमकावा म्हणून त्यात पाव ते अर्धा मिलिमीटरच्या काचेच्या गोळ्या टाकतात. सूक्ष्म टेक्टाईटशी (उल्काघातात वितळलेल्या खडकाच्या काचेच्या थेंबाशी) गल्लत होण्यात यांचा नंबर पहिला: पारदर्शक, गोल, आत एखादा बुडबुडा. मुंबई-आग्रा महामार्गावर उतरून गोळा करू नका. पट्टे मारणाऱ्या कंत्राटदाराकडे चिमूटभर मागा. ही साधी सोडा-चुन्याची काच असते आणि तिच्यात सोडियमचं ऑक्साईड १३-१४ टक्क्यांच्या आसपास असतं. टेक्टाईटच्या काचेत ते फार कमी.

खदानीतल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत भरलेल्या गारगोट्या आणि झिओलाईट फोडून त्यांचेही बारीक कण ठेवा. शिवाय कीटकांची अंडी आणि बारीक बिया. सुईने दाबल्यावर दबली तर ती काच नव्हे, ही सर्वांत स्वस्त परीक्षा आहे.

प्रत्येक प्रकारचे पंधरा-वीस दाणे काळ्या पुठ्ठ्यावर चौकटी आखून लावा. चिकटवायला बाभळीच्या डिंकाचं अगदी पातळ पाणी घ्या; ओल्या ब्रशने दाणा परत सोडवता येतो. फेव्हिकॉल लावला की तो दाणा कायमचा तिथेच.

गच्चीवरच्या धुळीत अंतराळातले सूक्ष्म गोळे सापडतात, हे नॉर्वेचे जॉन लार्सन यांच्या संग्रहामुळे २०१७ मध्ये वैज्ञानिक पातळीवर मान्य झालं. खान्देशात प्रयत्न करायचा तर मोठी सिमेंटची गच्ची निवडा, मे अखेर पन्हाळीच्या तोंडाशी साचलेला गाळ घ्या, भांड्याच्या साबणाने धुवा, चाळा, मग चुंबक. शेकडो कण औद्योगिक निघतील. खरा सूक्ष्म अशनी असेल तर पृष्ठभागावर समांतर पट्ट्यांची स्फटिकरचना किंवा कासवाच्या पाठीसारखी नक्षी दिसते.

इथे एक फरक पक्का करून घ्या. अंतराळातले असे गोळे पृथ्वीवर सतत पडतात. १८७२ ते १८७६ या काळात निघालेल्या 'चॅलेंजर' मोहिमेच्या खोल समुद्रातल्या गाळातून जॉन मरे यांनी ते चुंबकाने काढले होते. खोल समुद्रातली लाल माती हजार वर्षांत काही मिलिमीटरच साचते, म्हणून तिथे त्यांची दाटी असते. समुद्रात अंतराळगोलिका सापडली म्हणजे उल्काघात झाला, असं होत नाही. आघाताची खूण म्हणजे एकाच थरात अचानक वाढलेली संख्या, आणि तीही वितळलेल्या पृथ्वीच्या खडकाच्या थेंबांची.

पायरी ४: कोअरचा फोटो वाचणं

समुद्रतळ-खोदाईच्या आंतरराष्ट्रीय मोहिमा १९६८ पासून चालत आल्या आणि त्यांतल्या कोअरचे (नळीने काढलेल्या गाळाच्या उभ्या दांड्यांचे) फोटो, नोंदी कुणालाही बघता येतात. त्यांचं नाव वाचायला शिका. '१७१बी-१०४९ए-१७एक्स-२' म्हणजे मोहीम १७१बी, ठिकाण १०४९, त्या ठिकाणचं भोक 'ए', सतरावा कोअर, दुसरा तुकडा. एक तुकडा साधारण दीड मीटरचा. मधलं अक्षर महत्त्वाचं: 'एच' म्हणजे पिस्टनने दाबून घेतलेला, 'आर' म्हणजे फिरत्या पात्याने कापलेला, 'एक्स' म्हणजे या दोन्हींच्या मधला, लांबवलेल्या नळीचा. 'आर' आणि 'एक्स'मध्ये कोअर बिस्किटांसारखा तुटतो आणि बिस्किटांमध्ये घुसळलेला चिखल भरतो, तो चिखल थर समजू नका. 'एच'मध्ये खालचा भाग कधी नळीत ओढला जातो आणि उभ्या रेघा उमटतात.

वर दिलेला तुकडा मुद्दाम निवडला आहे. फ्लोरिडाच्या पूर्वेकडच्या समुद्रातल्या ब्लेक नोजवर १९९७ मध्ये काढलेल्या या कोअरमध्ये ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची, चिक्शुलूबचा आघात झाला तेव्हाची, सीमा डोळ्यांनी दिसते. खाली क्रेटेशियस काळाचा फिका, काही जागी घसरून वाकलेला गाळ. त्यावर हिरवट गोलिकांचा थर, या ठिकाणी १७ सेंटीमीटरपर्यंत. त्यावर काही मिलिमीटरची तांबूस रेघ, मग जीवाश्म कमी झालेला गडद गाळ. आता २००३ च्या मोहीम २०७ चे, दक्षिण अमेरिकेजवळच्या डेमेरारा उंचवट्याचे कोअर काढा. चिक्शुलूबपासून सुमारे ४,५०० किलोमीटर दूर असलेल्या या जागी तोच थर साधारण २ सेंटीमीटर आहे, आणि जगाच्या लांबच्या कोपऱ्यांत दोन-तीन मिलिमीटर. अंतराबरोबर थर पातळ होणं ही चांगली साक्ष. वेगळ्या अंतरांवरची किमान तीन ठिकाणं तपासल्याशिवाय थराच्या जाडीवरून काही बोलू नये.

गोलिका तिथे हिरवट का? मूळ काचेची इतक्या काळात माती झाली. जुन्या थरात चकचकीत काच शोधणारा खरा थर समोर असून चुकतो.

गोंधळलेला, तुकड्यातुकड्यांचा थर दिसला म्हणजे उल्केची सुनामी, असंही नाही. अरबी समुद्रात लक्ष्मी खोऱ्यात २०१५ च्या मोहीम ३५५ ने असाच प्रचंड थर खोदला. तो 'नटराज' नावाने ओळखल्या जाणाऱ्या समुद्राखालच्या दरडीचा निघाला, वय सुमारे १ कोटी ८ लाख वर्षं. किनाऱ्याचा उतार कोसळला होता, आकाशातून काही पडलं नव्हतं.

प्रत्येक कोअरच्या माथ्याचे काही सेंटीमीटर संशयास्पद धरा. वरून पडलेला चुरा आणि खोदाईच्या नळीचा गंज तिथे असतो, आणि गंजाचे कण चुंबकाला झकास लागतात.

पायरी ५: गाळ धुणं

भारतात या मोहिमांचं काम गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून पाहिलं गेलं आहे. हिंदी महासागराच्या गाळावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं, गोव्याचंच, मोठं काम आहे. नमुना मागायचा तर महाविद्यालयातल्या मार्गदर्शकामार्फत, नेमकं ठिकाण, खोली आणि कारण लिहून. तोवर तापीच्या मुखाकडचा किंवा कुठल्याही खाडीचा गाळ घेऊन पद्धत हातात बसवा.

नमुना ४०-५० अंशांवर वाळवा, १० ते २० ग्रॅम वजन करा. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट विरघळवून त्यात रात्रभर भिजवा आणि ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर मंद धारेखाली धुवा. खाली जाणारं पाणी स्वच्छ येईपर्यंत थांबा. घाई केली तर उरलेली चिकणमाती वाळताना दाण्यांवर कवचासारखी बसते. अल्ट्रासॉनिक स्नान दोन-चार सेकंदांपुरतंच, त्याहून जास्त दिलं तर नाजूक काच तडकते. चुनखडीचा गाळ असेल तर अर्धाच नमुना पातळ ॲसेटिक ॲसिडमध्ये टाका, उरलेला तसाच ठेवा. ॲसिडमध्ये सूक्ष्मजीवांची कवचं जातात आणि थराचं वय तर त्यांच्यावरूनच ठरतं.

दोन नमुन्यांमध्ये चाळणी मेथिलीन ब्लूच्या पाण्यात बुडवून मग धुवा. आधीच्या नमुन्याचा एखादा दाणा जाळीत अडकला असेल तर तो निळा होतो, आणि पुढच्या नमुन्यात निळा दाणा दिसला की तो परका, हे लगेच कळतं.

दाणे मोजून 'दर ग्रॅममागे किती' असा आलेख खोलीप्रमाणे काढा, दर सेंटीमीटरला एक नमुना. किडे गाळ उकरतात, त्यामुळे एका दिवसात पडलेला थरही अनेक सेंटीमीटरमध्ये पसरतो. टोकदार शिखर आणि वर विरळ होत जाणारं शेपूट दिसलं तर एकदाच घडलेली घटना. सगळीकडे सारखी संख्या म्हणजे रोजचा पाऊस. शिखर दोन ठिकाणी आलं तर आधी कोअर विस्कटला आहे का ते पाहा, दोन उल्का नंतर.

पायरी ६: काच आणि क्वार्ट्झ

हिंदी महासागराच्या गाळात खरोखर सापडण्याजोगी उल्काघाती काच म्हणजे ऑस्ट्रेलेशियन सूक्ष्म टेक्टाईट, वय सुमारे ७ लाख ९० हजार वर्षं. एक मिलिमीटरच्या आतले, फिके पिवळसर ते तपकिरी, गोल, थेंबासारखे, कधी डंबेलसारखे. आत स्फटिक नाहीत. यांचा घोटाळा टोबाच्या राखेशी होतो. सुमात्राच्या टोबा ज्वालामुखीची ७४ हजार वर्षांपूर्वीची राख तर या भागात पसरली आहेच, पण त्याचा एक जुना उद्रेक जवळपास टेक्टाईटच्याच काळातला आहे. दोन्हींचे कण कोअरमध्ये शेजारी येऊ शकतात. राखेचे कण फुटलेल्या बुडबुड्यांच्या भिंतींसारखे, वाकडे, इंग्रजी वाय अक्षरासारखे असतात. अपवर्तनांक दोन्हींचा जवळजवळ सारखा, त्यावर विसंबू नका; आकार पाहा, मग रासायनिक तपासणी.

आघाताच्या दाबाने क्वार्ट्झच्या दाण्यात खास रेषा उमटतात, अशा दाण्याला आघातित क्वार्ट्झ म्हणतात; त्या बघायला ध्रुवीकरण मायक्रोस्कोप लागतो. महागडं तेल नसेल तर औषधाच्या दुकानातलं लवंगेचं तेल चालतं: त्याचा अपवर्तनांक साधारण १.५३, क्वार्ट्झचा १.५४ ते १.५५, त्यामुळे दाण्याची कड पुसट होते आणि आतल्या रेषा उठून दिसतात. आघाताच्या रेषा सरळ, समांतर, दोन ते दहा मायक्रॉन अंतराच्या, दाण्याच्या आरपार, आणि बहुधा दोन किंवा जास्त दिशांच्या. पर्वत घडताना दाबाने आलेल्या रेषा जाड, वाकड्या आणि एकाच दिशेच्या असतात. एकाच दिशेच्या रेषा असलेला दाणा बाजूला ठेवा, पुराव्यात धरू नका.

बेसाल्टमध्ये मूळ घटक म्हणून क्वार्ट्झ नसतो, ही खान्देशवाल्यांची सोय आहे. तापीच्या रेतीतला क्वार्ट्झ एकतर गारगोटीचा किंवा उगमाकडच्या बैतूल भागातल्या जुन्या खडकांचा. पण याचीच उलट बाजू अशी की बेसाल्टवर उल्का पडली तर आघातित क्वार्ट्झ मिळणारच नाही. लोणारला पुरावा मिळाला तो प्लॅजिओक्लेज या बेसाल्टमधल्या खनिजाची काच झालेल्या दाण्यांतून. जळगावहून लोणार पाहून एका दिवसात परत येता येतं, पण ते अभयारण्य आणि रामसर क्षेत्र आहे. बघा, फोटो काढा, दगड उचलू नका.

पायरी ७: मूलद्रव्य

इटलीतल्या गुब्बिओच्या मातीच्या पातळ थरात इरिडियम अब्जांशी सुमारे ९ भाग, आजूबाजूच्या खडकाच्या साधारण तीसपट, असं अल्वारेझ पिता-पुत्र, फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांनी १९८० मध्ये दाखवलं. या पातळीचं मोजमाप क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणाऱ्या हातातल्या एक्सआरएफ यंत्राने होत नाही. कुणी तसा आकडा दाखवला तर तो यंत्राचा गोंगाट आहे. न्यूट्रॉन सक्रियण किंवा आयसीपी-एमएस या फार सूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या पद्धती लागतात, आणि एक आकडा कामाचा नाही: थराच्या खालचे, थरातले आणि वरचे मिळून किमान सात-आठ नमुने द्या. गाळ फार सावकाश साचला किंवा मँगनीजचं कवच धरलं, तरी इरिडियम आपोआप वाढतं.

आपल्या आवाक्यातली चाचणी म्हणजे एसईएमवरची (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवरची) ईडीएस, जी दाण्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांवरून मूलद्रव्यं ओळखते. तिच्यात आधी दोन मूलद्रव्यं बघा. टायटॅनियम ठळक आणि निकेल नाही, तर दाणा दख्खनचा. निकेल आहे आणि टायटॅनियम जवळपास नाही, तर पुढे जा. मँगनीज-क्रोमियम दिसलं तर वेल्डिंगकडे वळा, ॲल्युमिनियम-सिलिकॉन दिसलं तर राखेकडे. मात्र स्टेनलेस स्टीलमध्येही निकेल असतं, म्हणून निकेलसोबत क्रोमियम जास्त आलं तर हुरळू नका.

सिल्व्हरपिटचा इतिहास दावा करण्यापूर्वी आठवावा असा आहे. २००२ मध्ये भूकंपलहरींच्या नकाशावर तीन किलोमीटरचं, कडी-कडींचं, मध्यात उंचवटा असलेलं देखणं विवर दिसलं. तरी २००९ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीतल्या चर्चेत बहुसंख्यांनी उल्केच्या विरोधात मत दिलं. मीठ सरकल्यानेही तसं होऊ शकतं, हा मुद्दा होता. २०२५ मध्ये जवळच्या तेलविहिरीच्या चुऱ्यात, विवराच्या तळाच्याच खोलीवर, आघातित क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारचे मोजके दाणे सापडले तेव्हा प्रश्न सुटला. गिनीसमोरचं नादिर, सुमारे नऊ किलोमीटरचं, २०२२ मध्ये जाहीर झालं आणि २०२४ च्या त्रिमितीय छेदांत फारच पटण्याजोगं दिसतं. तिथे अजून दाणा हातात यायचा आहे.

प्रयोगशाळेत दाणे पाठवताना एक काळजी घ्या. दहा संशयित दाण्यांसोबत तुमच्या पेटीतले पाच ओळखीचे, म्हणजे तापीचा मॅग्नेटाईट, दीपनगरची राख, वेल्डिंगचा गोळा, रस्त्याची काच आणि फुलबाजीचा गोळा, मिसळा आणि सगळ्यांना नुसते क्रमांक द्या. कुठला क्रमांक कशाचा, हे वेगळ्या कागदावर लिहून पाकीट बंद करा. यंत्र चालवणाऱ्यालाही सांगू नका. निकाल आल्यावर आधी ते पाच जुळले का ते बघा. त्यांतला एकही चुकला असेल तर उरलेल्या दहांचे आकडे न वापरता नमुने पुन्हा पाठवा.